पासो जाउ ते डुर्मितोर: किनारा, बोस्निया की सावाचं मैदान?

बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड, करणाऱ्या आपल्या मंडळींना एक सवय लागलेली असते. वळणांची यादी असलेली क्यू शीट हातात येते, जीपीएस उपकरणात घालायची रस्त्याची जीपीएक्स फाइल येते, आपण फक्त पाय चालवायचे. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये एकट्याने पूर्ण केलेली रॅम (रेस अक्रॉस अमेरिका) किती कठीण आहे हे वेगळं सांगायला नको, पण तिथेही रस्ता आखून दिलेला असतो आणि मागे क्रूची गाडी असते. माइक हॉल यांनी 2013 मध्ये लंडन ते इस्तंबूल अशी सुरू केलेली ट्रान्सकॉन्टिनेंटल रेस ही सायकल शर्यत यातलं काहीच देत नाही. सुरुवात, शेवट आणि मधले मोजके कंट्रोल पॉइंट (जिथे हजेरी लावावीच लागते) ठरलेले, त्यांच्याजवळचा थोडा भाग सक्तीचा. बाकी तीन-साडेतीन हजार किलोमीटर कुठून जायचं हे तुमचं तुम्ही ठरवायचं.

हे ठरवायचं कसं, हे शिकायला मला 2016 च्या शर्यतीतला एक टप्पा सगळ्यात आवडतो. इटलीतल्या डोलोमाइट पर्वतातली पासो जाउ ही 2,236 मीटरची खिंड म्हणजे तिसरा कंट्रोल, आणि माँटेनेग्रोतलं डुर्मितोर हा चौथा. मधलं अंतर साधारण हजार किलोमीटर. रस्ते तीन: समुद्रकिनाऱ्याने, बोस्नियातून किंवा सावा नदीच्या मैदानातून. या भागात मी दोन वेगवेगळ्या उन्हाळ्यांत सामान लादून सायकल चालवली आहे, एकदा किनाऱ्याने आणि एकदा बोस्नियातून. मैदानातला रस्ता मी फक्त नकाशावर अभ्यासला आहे, त्यामुळे त्याबद्दल थोडक्यातच लिहितो.

किनारा आणि बोस्निया यांच्या अंतरात फार मोठा फरक पडत नाही. म्हणजे किलोमीटर बघून निर्णय होत नाही. निर्णय होतो तो कोणत्या ठिकाणी तुम्ही किती वाजता असाल, यावर.

किनाऱ्याचा रस्ता म्हणजे क्रोएशियाचा डी-8, जुनी यादरान्स्का मॅजिस्ट्राला, म्हणजे एड्रियाटिक समुद्राकाठचा महामार्ग. गोरित्सिया, त्रिएस्ते, रियेका आणि तिथून खाली सेन्य, झादार, स्प्लिट, दुब्रोव्हनिक. डांबर उत्तम आणि दर थोड्या अंतरावर गाव, बेकरी, पेट्रोल पंप. एक गोष्ट मात्र नकाशा सांगत नाही: समुद्राकाठचा रस्ता म्हणून तो सपाट असेल असं धरून चालू नका. सत्तर-ऐंशी मीटर वर, पुन्हा खाली, पुन्हा वर, असं दिवसभर चालतं. कोकणात सागरी महामार्गाने रेवस ते मालवण ज्यांनी केलं आहे त्यांच्या मांड्यांना हे लगेच कळेल. शर्यत जुलैच्या शेवटी निघते, त्यामुळे इथे पोचाल तेव्हा सुट्ट्यांचा हंगाम ऐन भरात असतो. दुपारी कॅराव्हॅनची, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाड्यांची, रांग आणि एका बाजूला तापलेला चुनखडीचा कडा. उन्हाची आपल्याला सवय आहे. मागून येणाऱ्या कॅराव्हॅनचा आरसा कोपराजवळून जातो, त्याची सवय होत नाही.

आणि मग बुरा. व्हेलेबिट पर्वतावरून समुद्राकडे कोसळणारा हा कोरडा, झोतांनी येणारा वारा. हिवाळ्यात त्याचा जोर जास्त असतो, पण उन्हाळ्यातही तो येतो. सेन्यच्या अलीकडे संध्याकाळी मी सायकलवरून उतरून चालत होतो. सामानाने लादलेली, जड सायकलसुद्धा हँडल धरून दाबून ठेवावी लागत होती, आणि समोर बंदरातलं पाणी पांढऱ्या धुरासारखं उडत होतं. जोर फार वाढला की हा रस्ता दुचाकींना बंद करतात. पर्यायी रस्ता डोंगरापलीकडे, म्हणजे आधी परत चढा. एका वाऱ्याने अर्धा दिवस जातो.

तरीही किनारा एका परिस्थितीत सरळ जिंकतो: रियेकाला तुम्ही संध्याकाळी पोचत असाल आणि वारा शांत असेल तर. रात्री दहानंतर तो रस्ता दुसराच असतो. गाड्या विरळ, हवा गार, पेट्रोल पंपावर कॉफी. चढ अंधारात दिसतच नाहीत.

बोस्नियाचा रस्ता ल्युब्लियाना, कार्लोव्हात्स, बिहाच, याइत्से, सारायेव्हो, फोचा असा जातो. इथे चढ खरे आहेत, लांब आहेत, आणि काही ठिकाणी डांबर फाटलेलं आहे. फोचापासून माँटेनेग्रोच्या सीमेपर्यंतचा तुकडा अरुंद आणि खड्ड्यांचा, तो उजेडातच करावा. पण उना आणि व्रबास नद्यांच्या काठाने सावली मिळते, आणि रस्त्याकडेला दगडी चेस्मा, म्हणजे झऱ्याच्या पाण्याचा नळ. याइत्सेत तर प्लिवा नदी गावातच धबधबा होऊन व्रबासमध्ये उडी घेते. तिथल्या बेकरीतला बुरेक, म्हणजे मांस भरलेला गरम पापुद्र्यांचा रोल, दोन तास पुरतो. खाणं स्वस्त आहे. चलन मात्र वेगळं आहे, आणि युरोपियन युनियनच्या सिममधला रोमिंग डेटा इथे चालेल असं गृहीत धरू नका. नकाशे आधीच ऑफलाइन उतरवून घ्या.

झोपण्याबद्दल एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. 1992 ते 1995 च्या युद्धातले भूसुरुंग बोस्नियात अजून पूर्ण निघालेले नाहीत. लाल पाटीवर कवटी आणि ‘पाझी मिने’ असं लिहिलेलं दिसतं, पण पाटी नाही म्हणजे जागा सुरक्षित असं नाही. बिव्ही बॅग (तंबूऐवजी वापरायची झोपायची पिशवी) टाकायची तर बस थांबा, पेट्रोल पंपाची मागची बाजू, मशिदीचं किंवा चर्चचं अंगण. झाडीत दहा पावलंही जाऊ नका, लघवीलासुद्धा.

तिसरा रस्ता सावाच्या मैदानातला: झाग्रेब, स्लाव्होन्स्की ब्रोद, मग दक्षिणेला वळून द्रिना नदी. अंतर थोडं जास्त, पण अर्ध्याहून अधिक भाग सपाट. एरोबारवर (हँडलवरच्या पुढे झुकून टेकायच्या दांड्यांवर) तासन्‌तास पडून राहू शकणाऱ्या, वजनाने भारी सायकलस्वाराला हे गणित जमू शकतं. फसगत होते ती द्रिनाजवळ. नकाशावर नदी दिसते म्हणून वाटतं, काठाने जाऊ. बायिना बाश्तानंतर नदीवर धरण आहे, आणि पुढे व्हिशेग्रादला जायला रस्ता काठ सोडून डोंगरात चढतो. वाचवलेली चढाई तिथे भरून द्यावी लागते. मी हा रस्ता निवडणार नाही.

भारतीय पासपोर्टवाल्यांनी चढ-उताराआधी व्हिसा बघावा. क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे. बोस्निया, सर्बिया, माँटेनेग्रो नाहीत. एकदाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा असेल तर क्रोएशियातून बाहेर पडताक्षणी तो संपला, आणि शर्यतीचा शेवट ग्रीसमध्ये किंवा रुमेनियात असेल तर तुम्ही अडकलात. किनाऱ्याने गेलात तरी सुटका नाही, कारण माँटेनेग्रो शेंगेनबाहेरच आहे, आणि डी-8 सुद्धा नेउमजवळ समुद्रापर्यंत येणाऱ्या बोस्नियाच्या चिंचोळ्या तुकड्यातून जातो. मल्टिपल एंट्री व्हिसा हवाच, आणि बिगर-शेंगेन देशांचे नियम प्रत्येकाचे वेगळे तपासून घ्यायचे.

सॉफ्टवेअरवर दाखवलेल्या चढाईवरही आंधळा विश्वास नको. प्लुझिनेच्या अलीकडे पिव्हा नदीच्या दरीत रस्ता खडकात कोरलेल्या बोगद्यांमधून जातो. उंचीचा हिशोब करणारा प्रोग्रॅम बोगद्यावरचा डोंगर मोजतो आणि आलेखात करवतीचे दाते दाखवतो. ती चढाई प्रत्यक्षात नाही. बोगदे मात्र आहेत, आत दिवे नाहीत, त्यामुळे भर दुपारीही पुढचा-मागचा लाइट चालू ठेवायचा. त्यानंतर डुर्मितोरवरची 1,907 मीटरची सेडलो खिंड, ती मात्र खरी. किनाऱ्याने आलात तर रिसानहून, अगदी समुद्रसपाटीवरून, निक्शिचमार्गे झाब्ल्याककडे चढावं लागतं. सक्तीचा तुकडा कोणत्या दिशेने करायचा आहे, हे त्या वर्षीच्या पुस्तिकेत आधी बघा. चुकीच्या बाजूने पोचलात तर आख्खा डोंगर फुकट ओलांडावा लागेल.

पहिल्यांदाच जात असाल आणि दिवसाला अडीचशे किलोमीटरच्या आसपास बसत असेल, तर माझं मत बोस्नियाच्या बाजूने. तिथे वेळ चढात जातो, आणि चढाला किती वेळ लागेल हे तुम्हाला सिंहगडावरून माहीत असतं. वाऱ्याचं तसं नाही. रात्र काढण्याचा सराव असलेल्या, तीनशेच्या पुढे जाणाऱ्याने किनारा खुला ठेवावा.

दोन्ही फाइल उपकरणात घालून निघा. गोरित्सियाला रस्ते फुटतात. तिथे काहीतरी खात बसलात की फोनवर सेन्यचा पुढच्या अठरा तासांचा वारा बघा, क्रोएशियन ऑटो क्लबच्या पानावर डी-8 खुला आहे का बघा, आणि घड्याळ बघा.