आधी शाफ्ट, मग बेल्ट: जुन्या लेथवरचा आठ महिन्यांचा अनुभव

आमचा लेथ (धातूचा तुकडा फिरवून कापायचं मशीन) सहा फुटी, कोन पुलीचा म्हणजे पायऱ्यांच्या पुलीचा, वडिलांनी जुनाच घेतलेला. मोटरपासून काउंटर शाफ्टपर्यंत, म्हणजे मधल्या दांड्यापर्यंत, बी सेक्शनचे (बेल्टचं ठरलेलं माप) दोन व्ही बेल्ट, तिथून जॉब म्हणजे कापायचा तुकडा फिरवणाऱ्या स्पिंडलवर चामड्याचा सपाट पट्टा. दोन वर्षांत व्ही बेल्टच्या तीन जोड्या संपल्या आणि दर वेळी मी बेल्टलाच नावं ठेवली. मार्चमध्ये काउंटर शाफ्ट खाली उतरवला तेव्हा खरं दुखणं कळलं.

बेअरिंग ढिलं झालं म्हणून पूर्वी कुणीतरी शाफ्टवर त्या जागी सेंटर पंचाने गोल टोचे मारून ठेवले होते. ते टोचेही घासून चकचकीत झालेले. ३० मिलिमीटरच्या जागी मायक्रोमीटर २९.८६ दाखवत होता. कीवेमध्ये, म्हणजे पुली पक्की धरणारी की बसते त्या खाचेत, पत्र्याची चिपटी कोंबलेली. अशा शाफ्टवर पुली डोलणारच आणि बेल्टची कड खाणारच, मग बेल्ट कितीही भारी आणा.

नवा शाफ्ट ईएन ८ या पोलादाचा, शेजारच्या शॉपमधून टर्निंग आणि ग्राइंडिंग करून घेतला. बेअरिंगची जागा ३०.०१, की ८ बाय ७ मिलिमीटर, दोन्ही ६२०६ बेअरिंग (आतलं भोक ३० मिलिमीटर) नवी. टर्नरला निक्षून सांगा, ३० च्या खाली जायचं नाही. बेअरिंग हाताने सरकत असेल तर तो शाफ्ट परत करा.

पुलीही बदलली, कारण खाचेचा तळ चमकत होता. व्ही बेल्ट ओढतो तो दोन्ही बाजूंनी, पाचरीसारखा अडकून. तळाला टेकला की पकड जाते, आपण ताण वाढवत बसतो आणि तो सगळा भार बेअरिंगवर येतो. दुकानदाराने आधी दोन वेगळ्या लॉटचे बेल्ट दिले होते. एक ताठ, दुसरा लोंबणारा. परत करून एका सेटचे आणले. दोन दिवस चालवून पुन्हा ताण दिला, त्यानंतर हात लावावा लागलेला नाही.

चामड्याच्या पट्ट्याचा क्लिपचा जोड पुलीवरून जाताना टक् व्हायचं आणि फिनिश कटमध्ये जॉबवर बारीक रेघ उमटायची. आता मधे नायलॉनचा थर असलेला सँडविच पट्टा आहे, जोड मशीनवरच चिकटवला, स्पिंडल काढावा लागला नाही. रेघ गेली. पावसाळ्यात चामडं सैल पडायचं, तेही यंदा झालं नाही. ५० मिलिमीटरच्या बारवर पार्टिंग करताना, म्हणजे बार कापून वेगळा करताना, स्पिंडल अडायचा, आता अडत नाही.

खंडेनवमीला मशीन पुसताना गार्ड उघडला. एरवी मूठभर काळी पूड निघायची, यंदा बोटाला लागेल एवढीच होती.

एक तक्रार उरली आहे. स्पिंडल ज्यात फिरतो त्या बुशमधलं तेल पट्ट्यावर येतं आणि पट्टा घसरतो. चामड्यावर राळ टाकायचो, या पट्ट्यावर ती टाकत नाही. रोज संध्याकाळी कोरड्या फडक्याने पुसतो. आता बुश उघडायचा आहे.