दिवस-रात्रवाला थर्मोस्टॅट, अजगरांच्या पहिल्या विणीसाठी घेतलेला: पाचपैकी तीन तारे

यंत्र चांगलं आहे, सोबतचं माहितीपत्रक मात्र टाकाऊ. नऊ आठवडे वापरून लिहितेय.

मी मूळची बत्तीस शिराळ्याची, नागपंचमीच्या गावची. आता लेस्टरला असते. घरात दोन बॉल पायथन आहेत, इथे त्यांना रॉयल पायथन म्हणतात. मादी मंगला तीन वर्षांची, नर बंड्या दोनचा. यंदा पहिल्यांदा जोडी लावायची होती. हे अजगर मूळ घाना, टोगो, बेनिनकडचे. रात्री जरा गारवा आला की त्यांच्या अंगात विणीचं वारं शिरतं, म्हणून पाळणारे लोक नोव्हेंबरपासून काही आठवडे रात्रीचं तापमान उतरवतात. मी उबेच्या बाजूला दिवसा ३२ आणि रात्री २६ लावलं. एका पेटीला एक यंत्र लागतं, म्हणजे दोन घेतली. दीडशे पौंड गेले.

माझा जुना थर्मोस्टॅट नुसता चालू-बंद करणारा. ३२ लावलं की ३४पर्यंत चढायचा, २९ला उतरायचा, मग पुन्हा पेटायचा. हा पल्सवाला हीटरला वीज थोडी थोडी, चिमटीचिमटीनं घालतो. इन्फ्रारेड गननं दिवसातून चारदा मोजलं, ३१.५च्या खाली नाही की ३२.३च्या वर नाही. इथं खोट काढायला जागा नाही.

गोची आहे ती दिवस-रात्र ओळखण्याची. त्याला घड्याळ नाही, प्रकाश बघणारा छोटा डोळा आहे. नोव्हेंबर २०२४मध्ये पर्थची कसोटी इथल्या वेळेनं पहाटे अडीचच्या सुमारास सुरू व्हायची आणि आमचे हे सगळे दिवे लावून बघत बसायचे. यंत्राला वाटलं, उजाडलं. बुमरा तिकडे विकेटा काढतोय आणि इकडे माझी २६ची रात्र ३२वर! डोळा खिडकीकडे वळवला तर वेगळंच त्रांगडं. इथे हिवाळ्यात चारला अंधार पडतो तो सकाळी आठपर्यंत, म्हणजे सोळा तासांची रात्र. शेवटी पुठ्ठ्याच्या खोक्यात डोळ्यासमोर टायमरवर एक छोटा एलईडी दिवा लावला, सकाळी आठ ते रात्री आठ. माहितीपत्रकात यातलं अक्षरही नाही.

दुसरं म्हणजे प्रोब, म्हणजे पेटीतलं तापमान मोजणारं वायरचं टोक. मंगलानं पहिल्याच रात्री तो ढोसून ढोसून पाण्याच्या भांड्यात पाडला. प्रोब पाण्यात म्हणजे यंत्राच्या लेखी पेटी गारठली, मग हीटर पेटतच राहणार. साप भाजतात ते असेच. नशीब, मला झोप लागली नव्हती. सोबत दिलेला चिकटकप दमट हवेत दोन दिवसांत सुटला. केबल क्लिप आणून स्क्रूनं पक्की करा. आत चिकटपट्टी लावू नका, खवल्यांना चिकटते.

खरं सांगायचं तर या सगळ्या खटाटोपापेक्षा जास्त कामी आला तो स्वयंपाकघरातला बारा पौंडांचा वजनकाटा. उशीचा अभ्रा काट्यावर ठेवायचा, आकडा शून्य करायचा, मग अभ्र्यात मंगला. पहिल्या विणीला मादी निदान दीड किलोची हवी, कारण अंडी पोटात वाढताना ती बहुधा खाणं सोडते आणि नंतर त्यांना वेटोळं घालून बसली तरी खात नाही. नराला सहा-सातशे ग्रॅम पुरतात, बंड्या ७४० आहे. मंगला सप्टेंबरात १,३४० होती, परवाच्या रविवारी १,४१५ भरली.

"अगं, ८५ ग्रॅमनं काय अडतंय?" इति नवरा.

"तुला बाळंतपण करायचं नाहीये म्हणून."

तेव्हा जोडी पुढच्या वर्षी. मंगलाची रात्र पुन्हा २९वर नेली, बंड्याचीही. त्याला मात्र गारव्याची चाहूल लागून गेलीय, तीन आठवडे उंदराकडे ढुंकून बघत नाही. कापलेले दोन तारे माहितीपत्रकाचे आणि चिकटकपाचे.