किती वाव पाण्यात जायचं? हिवाळ्यात समुद्रपक्षी आणि देवमासे पाहायच्या चार सफरी

डिसेंबर जवळ आला की ओळखीतले चार-पाच जण तरी विचारतात, "डॉल्फिन बघायला कुठे जाऊ? देवमासा दिसेल का?" मी त्यांना उलट विचारतो, "किती वाव पाण्यात जायची तयारी आहे?"

वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंतचं अंतर, साधारण सहा फूट. किनाऱ्यावरचे मच्छीमार खोली अजूनही याच मापाने सांगतात. समुद्रात काय दिसणार हे बरंचसं याच मापावर ठरतं. शाळेच्या भूगोलात शिकलेली समुद्रबूड जमीन, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, आठवा. मुंबईसमोर ती सुमारे तीनशे किलोमीटर आत पसरलेली आहे. दक्षिणेकडे ती अरुंद होत जाते आणि श्रीलंकेच्या दक्षिण टोकाशी जेमतेम काही मैल उरते. तिची कड शंभर-एकशेदहा वावांवर येते आणि त्यापुढे तळ एकदम खाली जातो. मोठे देवमासे बहुधा त्या कडेच्या आसपास वावरतात. आपल्या किनाऱ्याजवळचा डॉल्फिन मात्र दहा-बारा वावांच्या आतच राहतो. एवढं लक्षात ठेवलं की निवड सोपी होते.

पहिली सफर दापोलीची. मुरूड, कर्दे, लाडघर, हर्णै या पट्ट्यात सकाळी उजाडताच फायबरच्या होड्या पुळणीवरूनच पाण्यात ढकलतात. पाणी पाच-सहा वाव, फेरी तास-दीड तासाची, माणशी खर्च शेकड्यांत. इथे दिसतो तो कुबडवाला डॉल्फिन. जाहिरातीच्या फलकावर उंच उडी मारणारा डॉल्फिन रंगवलेला असतो, हा तसा नाही. आधी कानावर 'फुस्स' असा श्वासाचा आवाज येतो, मग राखाडी पाठीचा उंचवटा आणि त्यावरचा छोटा पर, म्हणजे पाठीवरचा कल्ला, हळूच वर येऊन गोल फिरतो आणि पाण्यात जातो. संपलं. पुन्हा कुठे वर येईल याचा अंदाज बांधत बसायचं. मुलांना हा खेळ फार आवडतो.

पक्षी पाहायचे असतील तर दापोलीत होडीपेक्षा हर्णै बंदर बरं, असं माझं मत आहे. दुपारनंतर मासळीचा लिलाव सुरू झाला की कुरवांचे, म्हणजे सीगलचे, थवे बंदरावर उतरतात. सगळे हिवाळी पाहुणे. तपकिरी डोक्याचा कुरव तिबेटकडच्या उंच सरोवरांवरून आलेला असतो, तर मोठे कुरव उत्तर आशियातून. हिवाळ्यात या 'तपकिरी डोक्याच्या' पक्ष्याचं डोकं पांढरं असतं आणि कानामागे फक्त एक गडद ठिपका उरतो. नवख्यांचा इथेच गोंधळ होतो. जरा बाजूला वाळूवर सुरय, म्हणजे टर्न, रांगेने बसलेले असतात, सगळ्यांच्या चोची वाऱ्याच्या दिशेला. बायनॉक्युलर असेल तर या एका संध्याकाळीच पाच-सहा जाती सहज ओळखता येतील.

दुसरी सफर निवतीची. सिंधुदुर्गातल्या निवती बंदरातून वेंगुर्ला रॉक्सच्या बाजूला जायचं. दीपगृह असलेली ही खडकाळ बेटं खुल्या समुद्रात आहेत, त्यामुळे दापोलीपेक्षा इथे लाट जास्त लागते. वाटेत डॉल्फिन भेटतात, एखादा काकण, म्हणजे समुद्रगरुड, डोक्यावरून जातो. बेटावरच्या गुहांमध्ये पाकोळी पक्ष्यांची मोठी वसाहत आहे. लाळेने बांधलेल्या त्यांच्या घरट्यांची पूर्वी चोरटी विक्री होत असे. म्हणून सांगतो, गुहेत शिरायचा हट्ट धरू नका. होडीतूनच पाहा. इथे सुरयांची वीण पावसाळ्याच्या आगेमागे होते आणि तेव्हा होड्या बंद असतात, त्यामुळे फक्त समुद्रपक्ष्यांसाठी हिवाळ्यात एवढ्या लांब जाऊ नका. निवतीला जायचं ते बेटं, पाकोळ्या आणि डॉल्फिन हे सगळं एका सकाळीत मिळतं म्हणून. तिथल्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, मी पहिल्यांदा देवमाशाचं विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "हय देवमासो गावाचो नाय. तेका खोल पाणी व्हया." म्हणजे इथे देवमासा सापडायचा नाही, त्याला खोल पाणी लागतं.

याच जिल्ह्यापुढच्या समुद्रात २०१५ साली संशोधकांना निळे देवमासे दिसले होते, हे खरं आहे. ओमानमध्ये उपग्रहाद्वारे माग काढायची खूण लावलेली 'लुबान' नावाची कुबड देवमाशाची मादी २०१७ च्या अखेरीस अरबी समुद्र ओलांडून गोव्यावरून खाली केरळपर्यंत आली होती. गणपतीपुळ्याच्या वाळूत नोव्हेंबर २०२३ मध्ये अडकलेलं पिल्लू आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. देवमासे आपल्याकडे आहेत. पण एका दिवसाच्या फेरीत ते दिसतीलच या हिशोबाने पैसे भरू नका.

तिसरी सफर ट्रॉलरची, म्हणजे मासेमारीच्या मोठ्या बोटीची. तुम्ही पक्ष्यांसाठी वेडे असाल तर हीच घ्या. गोवा आणि त्याखालच्या कर्नाटकातल्या कारवार-मलपे पट्ट्यात पक्षीनिरीक्षक एकत्र येऊन अख्खी बोट ठरवतात. पहाटे अंधारात निघायचं, चाळीस-पन्नास किलोमीटर आत जायचं आणि संध्याकाळी परतायचं. पाणी पंचवीस-तीस वाव. म्हणजे कडेच्या बरंच अलीकडे, पण किनाऱ्यावर जन्मात न दिसणारे पक्षी इथे भेटतात.

माझ्या पहिल्या फेरीत नऊच्या सुमारास किनारा दिसेनासा झाला आणि तासभर पाण्याशिवाय काहीच नव्हतं. मग जवळच्या एका बोटीने जाळं ओढायला घेतलं. कुठून आले कळलं नाही, पण शंभरेक कुरव आणि सुरय तिच्यामागे घोंघावू लागले. त्यांच्यात एक काळपट, रुंद छातीचा पक्षी घुसला. त्याने पाण्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एका सुरयाला हेरून तो त्याच्या मागे लागला. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली, अर्धा मिनिट पाठलाग. शेवटी सुरयाने गिळलेला मासा ओकून टाकला आणि या लुटारूने तो पाण्याला लागायच्या आत हवेतच झेलला. हा जेगर. उत्तर ध्रुवाजवळ वीण करून हिवाळा काढायला अरबी समुद्रात येतो.

त्याच दिवशी दोन प्रवाहांच्या सांध्यावर, जिथे फेस आणि वाहून आलेला कचरा एका रेषेत जमतो, तिथे लाटांवर बुचासारखे तरंगणारे काही ठिपके दिसले. बोट जवळ गेली तेव्हा कळलं की ते फॅलारोप आहेत. चिमणीपेक्षा थोडा मोठा, वजनाला तीस-चाळीस ग्रॅमचा पक्षी, आणि अख्खा हिवाळा खुल्या समुद्रात काढतो. आम्हाला बोटीला धरून उभं राहावं लागत होतं, आणि ते त्याच लाटांवर निवांत चोची मारत होते. त्या दिवशी देवमासा दिसला नाही. मला त्याची उणीव भासली नाही.

पण या सफरीसाठी अंगात ताकद लागते. डिझेलचा वास, ऊन, बसायला जाळ्यांचा ढीग, शौचाची धड सोय नाही. दहा-बारा तास परतीचा मार्ग नाही. लहान मुलांना आणि गुडघे दुखणाऱ्यांना नेऊ नका. शिवाय मासेमारीची बोट ही प्रवासी बोट नव्हे. परवानगी काढली आहे का, सगळ्यांची ओळखपत्रं आणि नावं दिली आहेत का, प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा. उत्तर गोलमाल आलं तर जाऊ नका. खर्च बोट किती जणांत वाटली जाते त्यावर अवलंबून, पण माणशी हजारांत जातो.

चौथी सफर श्रीलंकेतल्या मिरिसाची. देवमासा पाहायचाच हे नक्की असेल तर बाकीच्या तिन्ही सोडा आणि इथे जा. मुंबईहून कोलंबोला थेट विमान, पुढे रस्त्याने अडीच-तीन तास. नोव्हेंबर ते एप्रिल हा हंगाम, त्यातही डिसेंबरनंतर समुद्र जास्त शांत. बंदरातून सकाळी सहा-साडेसहाला निघालेली बोट थोड्याच वेळात अशा पाण्यावर पोहोचते जिथे तळ पाचशे-पाचशे वाव खाली असतो. कोकणातून तिथवर जायला कित्येक तास लागले असते. जगातले बहुतेक निळे देवमासे खाण्यासाठी थंड समुद्रात जातात, हे मात्र उत्तर हिंदी महासागराच्या उष्ण पाण्यातच राहतात. आणि खातात काय? बारीक कोळंबी, आपल्या जवळ्याच्या कुळातली. आपण कांदा घालून परततो त्या जवळ्याच्या भाऊबंदांवर पृथ्वीवरचा सगळ्यात मोठा प्राणी पोसला जातो.

आधी दिसतो तो फवारा, दूरवर उभा, दोन-तीन मजले उंच. मग निळसर-करडी पाठ सरकू लागते आणि सरकतच राहते. आपण 'झाली' म्हणतो तरी ती संपत नाही, आणि बऱ्याच वेळाने अगदी मागे छोटासा पर येतो. चार-पाच श्वास घेऊन देवमासा खोल बुडी मारतो, कधी शेपूट उचलून. मागे पाण्यावर तेल सांडल्यासारखा एक गुळगुळीत थाळा राहतो. मग दहा-पंधरा मिनिटं सगळी बोट गप्प.

मिरिसाची अडचण गर्दीची आहे. एका देवमाशामागे सात-आठ बोटी लागलेल्या मी पाहिल्या आहेत. तिथल्या नियमाप्रमाणे शंभर मीटर अंतर ठेवायचं असतं, पण पर्यटक 'अजून जवळ' म्हणून ओरडतात आणि चालक ऐकतो. आधीच त्या पाण्यातून मालवाहू जहाजांचा मोठा मार्ग जातो आणि जहाजांच्या धडकेने देवमासे मरतात, त्यात आपण भर घालायची नाही. बोट ठरवताना "अंतर किती ठेवता?" हे सरळ विचारा. "हात लावता येईल इतकं जवळ नेतो" असं सांगणाऱ्याला नकार द्या. कोकणातल्या होडीवरही हेच. एकदा आमच्या होडीवाल्याने पिल्लू असलेल्या डॉल्फिनच्या मागे इंजिन पेटवून होडी नेली. मी आधीच थांबवायला हवं होतं, थांबवलं ते उशिरा. डॉल्फिन आणि देवमासे दोघेही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीत, आहेत. इंजिन मंद करून थांबलं की बऱ्याचदा ते स्वतःच जवळून जातात.

बोट लागते की नाही हे ठाऊक नसेल तर एवढा खर्च करण्याआधी एखाद्या रविवारी मुंबईतल्या गेटवेहून मांडव्याच्या फेरीत बसा. हिवाळ्यात कुरव बोटीबरोबर हाताच्या अंतरावरून उडत येतात, शिवाय पोटाची परीक्षाही होते. त्यांना चिप्स टाकू नका. ज्यांना बोट लागते त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी निघण्याआधीच घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. उपाशी जाऊ नये, भाकरीचा तुकडा तरी पोटात असावा. आवळासुपारी खिशात ठेवावी आणि नजर मोबाइलवर नव्हे, क्षितिजावर.

कुठलीही सफर घ्या, निघा सकाळीच. रात्रीचा मतलई वारा जमिनीवरून वाहत असतो, तोवर किनाऱ्याजवळचं पाणी तेलासारखं असतं. दुपारी खारा वारा सुटला की लाटांना पांढरे शेंडे येतात आणि मग डॉल्फिनचा पर काय नि लाट काय, ओळखू येत नाही. आदल्या संध्याकाळी तांडेलाला फोन करा. वारा जोरात आहे, उद्या नको, असं तो म्हणाला तर वाद घालू नका. एक दिवस हाताशी राखूनच जा.