दख्खनी मेंढ्यांवर नारी सुवर्णचा नर : पहिल्या मुली व्यायल्यानंतरचा अनुभव

नर बदलायचा ठरला तेव्हा समोर मेंढ्यांच्या दोन जाती होत्या, अंगापिंडाने मोठी माडग्याळ आणि जुळ्यांसाठी तयार केलेली नारी सुवर्ण. माझा कळप लहान, मेंढ्या सगळ्या दख्खनी, दिवसभर चराई आणि संध्याकाळी थोडा खुराक. मी नारी सुवर्ण घेतला. आता त्याच्या पहिल्या मुली व्यायला लागल्यात म्हणून लिहितोय; आधी लिहिण्यात अर्थ नव्हता.

कारण असं की, 'जुळ्यांचा नर आणला, पण मेंढ्यांना एकेकच झालं' ही तक्रार मी कितीदा तरी ऐकली आहे. एकेकच होणार! मेंढीला एक होणार की दोन, हे तिच्या अंडाशयातून किती बीजं सुटतात यावर ठरतं, त्यात नराचा हात नाही. नर जुळ्यांचा जनुक मुलींना देतो, आणि त्या विऊ लागल्या की फरक दिसतो. म्हणजे पाच महिने गाभणकाळ, मग मुली वाढून माजावर यायच्या, पुन्हा पाच महिने. दीड वर्षाच्या आत या जातीला नावं ठेवणारा किंवा डोक्यावर घेणारा, दोघंही घाई करतात. माडग्याळचं उलटं आहे. उंची, हाडपेर, वजनाची वाढ, सगळं पहिल्याच कोकरांत दिसतं. सगळी कोकरं विकूनच टाकायची असतील तर नारी सुवर्णवर पैसे घालू नका, माडग्याळच बरा. मुली राखायच्या असतील तरच पुढचं वाचा.

जुळ्यांच्या या जनुकाला फेकबी म्हणतात. तो मूळचा सुंदरबनातल्या गॅरोल मेंढीचा. ही मेंढी अंगाने अगदीच बारकी. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात गॅरोल आणि दख्खनी यांचा संकर सुरू केला, पुढे त्यात कर्नाटकातल्या बन्नूर आणि पश्चिम आशियातल्या दुधाळ अवासी मेंढीचंही रक्त आलं. त्यातून नारी सुवर्ण तयार झाली. जनुकातला नेमका बदल २००१ मध्ये सापडला, तेव्हापासून रक्त तपासून तो कळतो. नर घेताना हा तपासणीचा कागद मागाच. जनुकाच्या दोन प्रती असलेला नर प्रत्येक मुलीला एक प्रत देतो. एकच प्रत असेल तर साधारण निम्म्याच मुलींना मिळते. दिसायला दोघं सारखेच, आणि विकणारा दोघांनाही 'जुळ्यांचा नर' म्हणतो.

बाकी पाहणी कुठल्याही नराची करतो तशीच. दोन्ही अंड सारखे, घट्ट, गाठ नसलेले. दात आणि खूर ठीक. माझा नर वयाने कोवळा होता, म्हणून पहिल्या हंगामात कमीच मेंढ्यांवर सोडला. छातीला तेलात कालवलेला गेरू लावायचो, म्हणजे कुठली मेंढी लागली ते पाठीवर दिसतं. सतरा दिवसांनी रंग बदलायचा. त्याच मेंढीवर नवा रंग आला की ती उलटली, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर आली. नराने काम चोख केलं. स्वभावाने गरीब आहे, चराईला मागे राहत नाही. पहिली कोकरं अंगाने घरच्यासारखीच निघाली, वाढीत खास काही नाही.

मुलींचं पहिलं वेत. काहींना जुळी, काहींना एक. सगळ्यांना जुळी होतील असं कोणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. पहिल्या वेतात जुळ्यांचं प्रमाण तसंही कमी असतं. खरा बदल झाला तो माझ्या कामात. पोटातल्या गर्भाची बहुतेक वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते, आणि दोन गर्भ असले की मेंढीच्या पोटात चाऱ्याला जागा कमी उरते. तेव्हा नुसत्या चराईवर ठेवली तर मेंढी खंगते, कोकरं दोन किलोच्या खाली येतात आणि ओटीत दूध नसतं. मी मका भरडा आणि पेंड दोन वेळांत विभागून देतो. व्यायल्यावर दोन्ही कोकरांना पहिल्या दोन तासांत चीक मिळालाच पाहिजे. थोराड कोकरू दोन्ही सड बळकावतं, लहान कोपऱ्यात उभं राहतं. त्याला हाताने धरून लावावं लागतं. हे करायला घरात माणूस नसेल, किंवा कळप वर्षभर लांब फिरतीवर असेल, तर जुळी म्हणजे एक जगलेलं आणि एक गेलेलं, शिवाय खंगलेली आई. अशा कळपाला एकच धट्टंकट्टं कोकरू परवडतं.

दुधाला या मुली आयांपेक्षा बऱ्या वाटतात. ते अवासीच्या रक्तामुळे की वाढीव खुराकामुळे, हे माझ्या चार मेंढ्यांवरून ठरणार नाही.

आता या मुलींवर हा नर ठेवणार नाही. बापलेकीचा संकर तर नकोच, पण जनुक असलेला दुसरा नरही नको: दोन्हीकडून जनुक आला की काही मुलींत दोन प्रती जमतात, मग तिळी होऊ लागतात, आणि तीन कोकरं दोन सडांवर वाढवण्याची माझी तयारी नाही. मुलींसाठी माडग्याळ पाहतोय, म्हणजे जुळी त्यांच्या अंगची आणि वाढ बापाची. मात्र त्या संकरातल्या निम्म्याच माद्यांत जनुक उतरेल, तेव्हा राखायच्या माद्यांचं रक्त तपासून घ्यावं लागेल. नारी सुवर्णचा नर अजून तरणा आहे, जुन्या दख्खनी मेंढ्यांवर आणखी एक हंगाम चालेल.