इंडिपेंडंट डायरेक्टर डेटाबँक: बाबांसाठी घेतली, आमचा अनुभव

बाबा टेलिकॉममधून रिटायर झाले आणि दोनच महिन्यांत घरात येरझाऱ्या घालायला लागले. 1996 पासून नेटवर्क ऑपरेशन्समध्ये, म्हणजे आलेल्या कॉलचेही पैसे पडायचे तेव्हापासून, आणि शेवटची काही वर्षं एका सर्कलचे, म्हणजे टेलिकॉमच्या एका विभागाचे, नेटवर्क हेड. 20 जानेवारी 2011 ला नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर सुरू झाली, त्या रात्री ते घरी आलेच नाहीत, दुसऱ्या दिवशी दुपारी आले आणि बुटासकट सोफ्यावर झोपले ते संध्याकाळपर्यंत. असा माणूस नुसता पेपर वाचत कसा बसेल. त्यांच्या जुन्या साहेबांनी सुचवलं की कंपन्यांच्या बोर्डावर स्वतंत्र संचालक म्हणून, म्हणजे कंपनीच्या मालकांशी किंवा मॅनेजमेंटशी हितसंबंध नसलेला संचालक म्हणून, जाता येतं, तुमच्यासारखे लोक हवे असतात, पण आधी डेटाबँकेत, म्हणजे अशा लोकांच्या सरकारी यादीत, नाव टाका.

ही डेटाबँक मानेसरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ कॉर्पोरेट अफेअर्स चालवते, केंद्राच्या कॉर्पोरेट कार्य मंत्रालयाखाली, डिसेंबर 2019 पासून. स्वतंत्र संचालक व्हायचं तर इथे नाव असणं कायद्याने बंधनकारक आहे त्यामुळे घेऊ की नको हा प्रश्नच नाही. फी आम्ही भरली तेव्हा एका वर्षाला 5000, पाच वर्षांना 15000 आणि आजीवन 25000, वर 18 टक्के जीएसटी. आम्ही आधी एकच वर्ष घेतलं, 5900 रुपये गेले. आता कोणी विचारलं तर मी सरळ पाच वर्षांचं घ्या म्हणेन कारण पहिलं वर्ष अभ्यास आणि परीक्षेतच जातं.

रजिस्ट्रेशन मी शेजारी बसून करून दिलं, ते काही अवघड नाही. खरा वेळ गेला बायोडेटामध्ये. बाबांचा बायोडेटा चार पानी, सगळे टॉवर, फायबर रूट आणि स्विच. मी म्हटलं बाबा, बोर्डावरच्या माणसाला हे कळणार नाही, किती कोटींचं बजेट सांभाळलं, ऑडिटला काय उत्तरं दिली, पुरात नेटवर्क बंद पडलं तेव्हा निर्णय कोणी घेतला ते लिहा. तीन रात्री घासाघीस करून दीड पानात बसवलं.

एक गोष्ट आम्हाला आधी माहीत नव्हती. परीक्षेतून सूट असते, पण ती ठरावीक कंपन्यांमध्ये तीन वर्षं संचालक किंवा की मॅनेजेरियल पर्सोनेल (कायद्याने ठरवलेले सर्वात वरचे अधिकारी) राहिलेल्यांना, आणि दहा वर्षं प्रॅक्टिस केलेल्या वकील, सीए, सीएस, कॉस्ट अकाउंटंट मंडळींना. नेटवर्क हेड कितीही मोठी पोस्ट असली तरी त्या व्याख्येत बसत नाही, तिथे सीईओ, सीएफओ, कंपनी सेक्रेटरी, पूर्णवेळ संचालक असे लोक येतात. बाबांना जरा लागलं ते. पण परीक्षा घरूनच ऑनलाइन देता येते, कॅमेरा चालू ठेवून, पासिंग 50 टक्के, नाव टाकल्यापासून दोन वर्षांची मुदत आणि कितीही वेळा देता येते. विषय कंपनी कायदा, सिक्युरिटीज कायदा, थोडं अकाउंट्स. बाबा दुसऱ्या वेळी पास झाले.

माझ्या मते पैसे वसूल झाले ते अभ्यासाच्या साहित्यात. एका संध्याकाळी ते कंटिन्जंट लायबिलिटीचा धडा वाचत होते, म्हणजे उद्या कदाचित द्यावं लागेल असं देणं जे ताळेबंदात न धरता टिपांमध्ये लिहितात. एकदम उठले आणि कपाटातून कंपनीचे जुने वार्षिक अहवाल काढून जमिनीवर मांडून बसले. एजीआरचा वाद, म्हणजे कुठल्या उत्पन्नावर सरकारला लायसन्स फी द्यायची तो, वर्षानुवर्षं कोर्टात होता, ऑक्टोबर 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल कंपन्यांच्या विरोधात गेला आणि अख्खं क्षेत्र हादरलं. बाबा बोट ठेवून मला दाखवत होते, हे बघ, दरवर्षी ही टीप छापलेली आहे, मी एवढी वर्षं इथे काम केलं आणि एकदाही वाचली नाही. मग म्हणाले बोर्डावर बसणाऱ्याने पहिलं हे पान उघडायला पाहिजे. तेव्हापासून कुठलाही अहवाल हातात आला की ते मागूनच वाचायला सुरुवात करतात.

डेटाबँकेत नाव आलं म्हणजे खुर्ची मिळाली असं मात्र समजू नका. कंपन्या तिथे शोधतात, बोलावणं येणं न येणं त्यांच्या गरजेवर, आणि सरकारी कंपन्यांमध्ये तर नेमणूक सरकारच करतं. मधे एका खाजगी कन्सल्टन्सीचा फोन आला, दीड लाख भरा, सहा महिन्यांत बोर्डावर बसवतो. आमच्या ओळखीच्या एका काकांनी असे पैसे भरले, हातात एक सर्टिफिकेट आलं आणि नंतर फोन उचलणं बंद. कृपा करून कोणी भरू नका. आणि पैशाच्या आशेने तर येऊच नका, सिटिंग फीला, म्हणजे मीटिंगला बसण्याच्या मानधनाला, एका मीटिंगमागे एक लाखाची कमाल मर्यादा आहे पण छोट्या कंपन्या त्याच्या जवळपासही देत नाहीत, शेअर्सचे ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावात कंपनीचे शेअर्स घ्यायचा हक्क, कायद्यानेच घेता येत नाहीत, आणि डोळे झाकून सही केली तर जबाबदारी अंगावर येते.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक कमी केला कारण हे सगळं मराठीत असतं तर आमच्या भागातल्या कितीतरी अनुभवी लोकांना सोपं गेलं असतं.

गेल्या महिन्यात बाबांना एका फायबर टाकणाऱ्या कंपनीकडून विचारणा आली. खूश झाले, पण हो म्हणायच्या आधी तीन वर्षांचे अहवाल मागवलेत आणि संचालकांचा विमा, म्हणजे संचालकांवर दावे झाले तर खर्च उचलणारा विमा, आहे का तेही विचारलंय. अहवाल कालच आलेत, डायनिंग टेबलवर पसरलेत, आम्ही जेवायला खाली बसतोय.