ट्रान्सफॉर्मर तेलातला वायू: मेम्ब्रेन बसवावं की लॅबवर भिस्त ठेवावी?

132 केव्हीचा ट्रान्सफॉर्मर ज्याच्याकडे सांभाळायला दिलेला असतो, त्याच्यापुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच. दर सहा महिन्यांनी तेलाची सिरिंज लॅबला पाठवत राहायचं, की टाकीच्या व्हॉल्व्हवर मेम्ब्रेनवाला (वायू पलीकडे जाऊ देणाऱ्या पातळ पडद्याचा) ऑनलाइन मॉनिटर बसवून टाकायचा? माझं मत आधीच सांगून टाकतो. बिघाड सुरू झालाय हे वेळेत कळायला मेम्ब्रेन उत्तम. बिघाड कसला, हे ठरवायला मात्र अजूनही सिरिंज आणि चांगली लॅबच लागते.

आत कुठे ठिणग्या पडत असल्या किंवा एखादा जोड तापत असला, की तेल तुटून हायड्रोजन, मिथेन, इथेन, इथिलिन, ॲसिटिलिन तयार होतात. वेटोळ्यांवरचा इन्सुलेशनचा कागद जळू लागला की कार्बन मोनॉक्साइड वाढतो. हे सगळे तेलातच विरघळून बसतात. वायू वेगवेगळे करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफला तेल चालत नाही, म्हणून आधी वायू तेलातून बाहेर काढावे लागतात, आणि निकाल किती खरा हे बरंचसं या पायरीवर ठरतं.

सगळ्यात जुना मार्ग व्हॅक्यूमचा. टोपलर पंपाने पुन्हा पुन्हा निर्वात करून वायू जवळपास पूर्णपणे ओढून घेतले जातात. अचूकतेत आजही याच्या तोडीचं फारसं काही नाही. पण काचेच्या नळ्यांतून पारा खेळवायचा, तो सांभाळायचा, सांडला तर निस्तरायचा. नवी लॅब उभारणाऱ्याने या वाटेला जाऊ नये असं मला स्पष्ट वाटतं.

आज लॅबमध्ये बहुतेक ठिकाणी हेडस्पेस दिसते. 20 मिलीच्या सीलबंद बाटलीत थोडं तेल, वर आर्गॉन, 70 अंशांवर हलवत ठेवायचं आणि वर जमलेला वायू क्रोमॅटोग्राफला द्यायचा. इथे सगळा वायू बाहेर येत नाही, वाटणी होते. तेल आणि वरची जागा निम्मी-निम्मी असेल तर हायड्रोजनचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग वर येतो, ॲसिटिलिन निम्म्याच्या आसपास. प्रत्येक वायूचं विरघळण्याचं प्रमाण ठाऊक असल्यामुळे मूळ आकडा गणिताने काढता येतो.

मेम्ब्रेनची तऱ्हा वेगळी. जत्रेतून आणलेला गॅसचा फुगा सकाळी मलूल पडलेला असतो, भोक कुठेच नसतं. वायू रबरात शिरतो, पलीकडे सरकतो आणि बाहेर पडतो. टेफ्लॉनच्या घट्ट पातळ पडद्यातून तेलातला वायू असाच पलीकडच्या छोट्या पोकळीत जातो. तेलाचे मोठे रेणू अलीकडेच राहतात. पंप, पारा, बाटली काहीच नको, आणि हे दिवसरात्र चालू राहतं. दोन्ही बाजूंना त्या-त्या वायूचा दाब सारखा झाला की पोकळीतला वायू मोजायचा.

इथे एक हिशेब बघण्यासारखा आहे. 20 अंशांना खनिज तेलासाठी विरघळण्याचा गुणक (तेलातलं प्रमाण भागिले पलीकडच्या पोकळीतलं प्रमाण) हायड्रोजनचा 0.05 आणि ॲसिटिलिनचा 1.2 आहे. म्हणजे तेलात 100 पीपीएम (दहा लाखांत 100 भाग) हायड्रोजन असेल, तर पडद्यापलीकडे तो 2000 पीपीएमपर्यंत चढतो. सेन्सरला केवढी सोय! पण तेलात 2 पीपीएम ॲसिटिलिन असेल तर पलीकडे 1.7च्या आसपासच मिळतं. आर्किंगची, म्हणजे आतल्या जोरदार ठिणग्यांची, खूण असलेल्या ज्या वायूची आपल्याला सगळ्यात जास्त धास्ती, तोच तेलाला चिकटून राहतो.

स्वस्त, एकाच आकड्याच्या मॉनिटरमध्ये हे आणखी बोचतं. हायड्रानसारख्या जुन्या, परिचित सेन्सरमध्ये पडद्यातून आलेला वायू फ्युएल सेलमध्ये जळतो आणि एकच आकडा दिसतो. त्यात हायड्रोजन पूर्ण धरला जातो, कार्बन मोनॉक्साइड साधारण 15 टक्के, ॲसिटिलिन 8 टक्के, इथिलिन जेमतेम दीड टक्का. हायड्रोजन 100 आणि कार्बन मोनॉक्साइड 500 असेल तर मॉनिटरच्या डिस्प्लेवर 175 दिसेल. ॲसिटिलिन शून्यावरून 5 वर गेलं तरी त्या आकड्यात अर्ध्या पीपीएमचीही भर पडत नाही. आयईसी 60599 या आंतरराष्ट्रीय मानकामध्ये, टॅप चेंजरचं (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या स्विचचं) तेल टाकीत मिसळत नसेल अशा ट्रान्सफॉर्मरसाठी ॲसिटिलिनची नेहमीची मर्यादा 2 ते 20 पीपीएम दिली आहे, यावरून काय सुटतं ते कळेल. अर्थात आर्किंगमध्ये हायड्रोजनही उसळतोच, त्यामुळे हा सेन्सर निकामी ठरत नाही. पण त्याच्या आकड्यावरून डुव्हालचा त्रिकोण (तीन वायूंच्या प्रमाणावरून बिघाडाचा प्रकार सांगणारा आलेख) काढता येत नाही. त्याला मिथेन, इथिलिन, ॲसिटिलिन वेगवेगळे लागतात.

मेम्ब्रेनमागे क्रोमॅटोग्राफ लावलेले बहुवायू मॉनिटर ते देतात. मात्र क्रोमॅटोग्राफमधून नमुना वाहून नेणाऱ्या कॅरिअर गॅसचं सिलिंडर, कॅलिब्रेशन गॅस, वर्षाचा सर्व्हिस करार हे सगळं धरून किंमत मोजा. शिवाय पडदा घाई करत नाही. पूर्ण समतोल यायला जाडी, तापमान आणि तेलाच्या वहनानुसार कित्येक तास, कधी त्याहून जास्त लागतात. विक्रेत्याला विचारायचा पहिला प्रश्न हाच: 90 टक्के आकडा यायला किती वेळ, आणि कोणत्या वायूसाठी, कोणत्या तापमानाला?

लॅबच्या बाजूनेही आंधळा विश्वास नको. सिरिंजमध्ये एक बुडबुडा काय करतो पाहा. 50 मिली तेलावर 1 मिली बुडबुडा आला, तर वाटणी पूर्ण झाल्यावर जवळपास 29 टक्के हायड्रोजन त्या बुडबुड्यात जाऊन बसतो. ॲसिटिलिन दोन टक्केही जात नाही. गरम तेल थंड होताना बुडबुडा येतो, आणि नवखा माणूस सिरिंज उभी धरून, नर्सबाई करतात तसा, तो हलकेच बाहेर ढकलतो. हायड्रोजन तिथेच गेला, रिपोर्ट स्वच्छ आला. बुडबुडा काढायचा नाही, तसाच पाठवायचा. पडद्याला हा धोका नाही, कारण तिथे माणसाचा हातच लागत नाही.

म्हणून माझी निवड अशी. 33 केव्हीचा दोन-पाच एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर असेल आणि शेजारी दुसरा उभा असेल, तर मॉनिटर घेऊ नका. ते पैसे तीन मार्गी कॉकच्या चांगल्या काचेच्या सिरिंजवर आणि सॅम्पल घेणाऱ्याच्या प्रशिक्षणावर घाला. ज्याच्या बंद पडण्याने अख्खा प्लँट थांबतो, किंवा ज्यात वायू आधीच चढू लागलाय, त्यावर हायड्रोजनचं साधं मेम्ब्रेन बसवा आणि आकडा हलला की त्याच दिवशी सॅम्पल काढा. बहुवायू मॉनिटर 220-400 केव्हीसाठी, किंवा बंद करायचं की चालवायचं हे रोज ठरवावं लागणाऱ्या आजारी यंत्रासाठी.

बसवायचंच ठरलं तर जागा नीट निवडा. एका ठिकाणी मी तळाच्या ड्रेन व्हॉल्व्हवर लावलेला मॉनिटर पाहिला. महिनोन् महिने रेघ सपाट. सगळे खूश. आम्ही व्हॉल्व्हमधलं साचलेलं दोन-तीन लिटर काळपट तेल आधी काढून टाकलं, मग सॅम्पल भरलं, तर लॅबमध्ये हायड्रोजन मॉनिटरच्या दुपटीहून जास्त निघाला. पडदा ठणठणीत होता, त्याच्यापुढे ताजं तेल येतच नव्हतं. रेडिएटरच्या वाहत्या बाजूला हलवल्यावर दोन दिवसांत आकडे जुळले. आणि तेल फिल्टर करायच्या किंवा निर्वात करायच्या आधी मॉनिटरचा व्हॉल्व्ह बंद करायला सांगा, तेही कामाच्या परवान्याच्या कागदावर लिहून.