एनडी १०००च्या नावाने विकलेली काळी काच

कॅमेऱ्याच्या लेन्सवर लावायचे ७७ मिमीचे तीन फिल्टर: सीपीएल (एकाच दिशेत कंपन करणारा, म्हणजे ध्रुवीकृत, प्रकाश अडवणारा), एनडी ६४ आणि एनडी १००० (प्रकाश अनुक्रमे ६४ आणि १००० पटींनी कमी करणाऱ्या काळ्या काचा). खोका नामांकित कंपनीचा, सील शाबूत, आत क्यूआर कोडचं कार्डसुद्धा. किंमत बाजारभावाच्या निम्म्याहून कमी. ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतलेला हा संच नकली निघाला. ते उघड झालं ताम्हिणी घाटात, भाद्रपदातल्या उघडिपीत, कुंडलिका नदीचं खोरं १६ मिमीच्या वाइड लेन्सवर टिपताना. तोवर माल परत करायचे सात दिवस उलटून गेले होते. या फसवणुकीची मेख इथेच आहे. घरात ट्यूबलाइटखाली हे फिल्टर अगदी ठीक दिसतात.

एफ/११, आयएसओ १०० वर फिल्टरशिवाय शटरचा वेळ १/३० सेकंद येत असेल, तर एनडी १००० लावल्यावर साधारण ३० सेकंद लागायला हवेत. इथे ८ सेकंदांतच फ्रेम पुरेशी उजळली. म्हणजे काच दहाऐवजी आठच स्टॉपची (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). त्याहून वाईट रंग. हिरवागार डोंगर तपकिरी, कॅमेऱ्याची काळी बॅग चक्क वांगी रंगाची. हलक्या प्रतीच्या काचेत डोळ्यांना दिसणारा प्रकाश अडतो, पण न दिसणारा इन्फ्रारेड तसाच आत जातो. कॅमेऱ्यातल्या सेन्सरपुढची काचही तो पूर्ण अडवत नाही. एरवी तेवढ्याने बिघडत नाही, पण बाकीचा प्रकाश शेकडो पटींनी कमी केला की त्याचाच वरचष्मा होतो. पानं इन्फ्रारेड भरपूर परावर्तित करतात, पाणी जवळपास नाहीच. त्यामुळे डाग सगळीकडे सारखा पडत नाही आणि व्हाइट बॅलन्स (फोटोची एकूण रंगछटा ठरवणारी सेटिंग) बदलून तो जात नाही.

इथे एक सांगायलाच हवं. चांगल्या एनडी १०००मध्येही किंचित उबदार किंवा थंड छटा असते, पण ती सर्वत्र सारखी असते आणि सहज निघते. तसंच १६ मिमीवर सीपीएलने आकाशात गडद पट्टा येतो, कारण सूर्यापासून ९० अंशांवर आकाशातल्या प्रकाशाचं ध्रुवीकरण सर्वाधिक असतं. त्यासाठी विक्रेत्याला दोष देऊ नका.

सीपीएलची परीक्षा लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनवर होते. पांढरं पान उघडा, फिल्टरची पुढची बाजू स्क्रीनकडे धरा आणि फिरवा. एका कोनात स्क्रीन जवळपास काळी पडली पाहिजे. आता फिल्टर उलटा धरून फिरवा. खरा सीपीएल असेल तर काळं होत नाही, फक्त छटा बदलते. या संचातला फिल्टर दोन्ही बाजूंनी काळा पडला. म्हणजे तो साधा लिनियर पोलरायझर होता, ज्याने डीएसएलआरचं मीटरिंग (उजेड मोजणं) आणि ऑटोफोकस गंडू शकतं. कोणत्याच बाजूने काळा पडला नाही, तर ती नुसती रंगीत काच समजा.

पार्सल आलं त्याच दिवशी एनडीही तपासा. ट्रायपॉड, मॅन्युअल मोड, पांढरी भिंत, फिल्टरशिवाय १/३०. एनडी ६४ला २ सेकंद, एनडी १०००ला ३० सेकंद देऊन हिस्टोग्रामचा (फोटोतल्या उजेडाच्या आलेखाचा) उंचवटा त्याच जागी येतो का पाहा. डीएसएलआर असेल तर व्ह्यूफाइंडर झाका, नाहीतर मागून शिरलेल्या प्रकाशाने निकाल चुकतो. मग नायलॉनची काळी बॅग आणि तुळशीची कुंडी उन्हात शेजारी ठेवून एनडी लावून एक फोटो काढा आणि बॅग वांगी, पानं तपकिरी दिसतात का बघा. शेवटी काचेत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. मल्टिकोटिंग (काचेवरची चकाकी रोखणारे थर) असेल तर ते मंद हिरवट-जांभळं दिसतं, नसेल तर लख्ख पांढरं.

क्यूआर कोडवर विसंबू नका. तो खोक्याइतक्याच सहज छापता येतो आणि हुबेहूब दिसणाऱ्या बनावट साइटवर नेऊ शकतो. कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून अनुक्रमांक तपासा.

पार्सल उघडताना लेबलपासून सलग व्हिडिओ काढा. परतीचं कारण ‘आवडलं नाही’ नव्हे, ‘नकली माल’ असं लिहा. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. ‘थेट यूपीआय करा, आणखी स्वस्त देतो’ असं सांगून पैसे घेतले आणि विक्रेता गायब झाला, तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी ते गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच असते.